हिरव्या अहवालातला बारीक टाइप

दरवर्षी एप्रिलमध्ये, वसुंधरा दिनाच्या आगेमागे, अ‍ॅपल ही कंपनी आपला पर्यावरण अहवाल प्रसिद्ध करते. जाडजूड, देखणा, भरपूर पांढरी जागा सोडलेला. मी तो उतरवून घेते आणि मागून वाचायला लागते. आधी तळटीपा, मग तक्ते, मग जमलं तर मजकूर, आणि सगळ्यांत शेवटी ती पानभर छायाचित्रं.

खोड जुनी आहे. उमेदीची सगळी वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली. त्या कामात एक गोष्ट लवकर कळते: मथळा कुणी वाचत नाही, मथळा नुसता बघतात. म्हणून ढोबळातली ढोबळ चूक नेमकी मथळ्यात राहून जाते आणि पुस्तक छापून आल्यावर लेखकाच्या मेहुण्याला पहिल्या मिनिटात सापडते. तळटीप मात्र लिहिणाराही जपून लिहितो. आपल्याला अडवू शकेल असा वाचक कोण असेल, त्याच्याशी तो तिथे बोलत असतो.

या अहवालांतली माझी आवडती तळटीप विजेच्या वायरीची आहे. आमच्या उत्पादनांत पीव्हीसी नाही, असं कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली. त्या वाक्याच्या खांद्यावर एक चिमुकला आकडा. त्याचं बोट धरून खाली गेलं की कळायचं, भारत आणि दक्षिण कोरियासारख्या मोजक्या देशांत भिंतीतल्या सॉकेटला जोडायची वायर अजून पीव्हीसीचीच आहे, कारण तिथल्या सरकारी मंजुऱ्या यायच्या आहेत. एवढी अवाढव्य कंपनी, आणि हातभर वायरीपाशी अडलेली. हसू यायचं, पण ती तळटीप मला प्रामाणिक वाटायची. असली हातभर वायर जिथे कबूल केलेली असते, तिथे उरलेल्या पानांवर जरा जास्त विश्वास बसतो.

पीव्हीसीचं एवढं काय, असं वाटेल. वायरीतलं तांबं सुटावं म्हणून जगात कित्येक ठिकाणी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. घानामधलं अगबोगब्लोशी, चीनमधलं ग्वेयू ही नावं जगाला कळली ती त्या धुरामुळे. पीव्हीसी असं जळलं की त्यातून डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनं तयार होतात. प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात घातलेली ब्रोमीनयुक्त रसायनं लवकर विघटित होत नाहीत. ती मातीत साठतात, शरीरातल्या चरबीत साठतात. म्हणजे वायरीवर कुठलं आवरण चढवायचं हा कुणा इंजिनिअरने घेतलेला निर्णय पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच खंडात, तार जाळणाऱ्या पोराच्या छातीत उतरतो.

पीव्हीसी काढून टाकणं कंपनीला आपण होऊन सुचलं नव्हतं. ऑगस्ट २००६ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना गुण देणारी यादी काढायला सुरुवात केली. अ‍ॅपलचे गुण पहिल्यापासून बेताचे. एप्रिल २००७ च्या यादीत तर ती अगदी तळाला. ग्रीनपीसने चालही हुशारीची खेळली. कंपनीला शिव्या घालण्याऐवजी तिच्या चाहत्यांनाच कामाला लावलं. तुमच्या वस्तू आम्हाला आवडतात, तेवढ्या जरा हिरव्या करा, असा एकूण सूर. शत्रूला उत्तर देता येतं, भक्ताला काय देणार?

मे २००७ मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहिलं. पत्र वाचताना माणूस वैतागलेला आहे हे लपत नाही. पुढे काय करणार याचा आम्ही डांगोरा पिटत नाही, जे केलं ते सांगतो, असं म्हणत त्यांनी त्याच पत्रात पुढे काय करणार ते सांगून टाकलं: २००८ संपेपर्यंत पीव्हीसी, ब्रोमीनयुक्त अग्निरोधकं आणि पडद्याच्या काचेतलं आर्सेनिक बाद. त्यातला एक आकडा मी विसरलेली नाही. जुन्या, फुगीर काचेच्या नळीच्या पहिल्या आयमॅक संगणकात ४८४ ग्रॅम शिसं होतं. सपाट पडद्याच्या आयमॅकमध्ये एक ग्रॅमहून कमी. जवळजवळ अर्धा किलो शिसं टेबलावर मांडून माणसं पत्रं टाइप करत होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता, सपाट पडदा काही शिसं घालवायला आला नव्हता. तो सुबक होता, जागा कमी खायचा, खपायचा. शिसं गेलं ते ओघाने. एवढं ध्यानात ठेवलेलं बरं, पुढे लागणार आहे.

कारखान्यांची गोष्ट याहून कडू. २००९ मध्ये चीनमधल्या सूचौ शहरात, विंटेक या पुरवठादाराच्या कारखान्यात, पडदे पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्सेन हे द्रावक वापरलं गेलं. ते झटकन उडून जातं, म्हणजे हात भरभर चालतो. बंद जागेत ते श्वासातून गेलं आणि कामगारांच्या हातापायांच्या नसा अधू झाल्या. अ‍ॅपलने फेब्रुवारी २०११ मध्ये आपल्या अहवालात १३७ कामगारांना बाधा झाल्याचं मान्य केलं. मा जुन हे चिनी पर्यावरण कार्यकर्ते आणि त्यांची संस्था पुरवठादारांच्या प्रदूषणाच्या सरकारी नोंदी उकरून काढत होते. बराच काळ त्यांना उत्तर मिळालं ते एवढंच, की आमचे पुरवठादार कोण हे आम्ही सांगत नसतो. ती यादी जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये अंतिम जुळणीच्या कामातून बेंझीन आणि एन-हेक्सेन हद्दपार केल्याचं कंपनीने सांगितलं. सूचौपासून मोजली तर पाच वर्षं.

मधल्या काळात, जुलै २०१२ मध्ये, एक विनोदही झाला. संगणक कितपत पर्यावरणस्नेही आहे हे ठरवणाऱ्या एपीट नावाच्या नोंदवहीतून अ‍ॅपलने आपली उत्पादनं काढून घेतली. त्या नोंदवहीचा एक आग्रह असा, की वस्तू साध्या हत्यारांनी उघडता यावी. आणि त्याच उन्हाळ्यात आलेल्या नव्या लॅपटॉपची बॅटरी गोंदाने चिकटवलेली होती. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या प्रशासनाने सांगितलं, मग आम्ही तुमचे संगणक घेणार नाही. काही दिवसांतच कंपनी परतली. बॉब मॅन्सफील्ड या वरिष्ठ अधिकाऱ्याने, ती चूक होती, असं पत्रात लिहून दिलं. गोंद मात्र राहिला.

म्हणून ही 'प्रगती' कुणा एका माणसाच्या सद्‌बुद्धीच्या खात्यावर जमा करू नये असं मला वाटतं. टोचणारे होते म्हणून ती झाली. पण टोचल्यावर जे झालं ते दिखाऊ नव्हतं, हेही म्हणायला हवं, नाहीतर मी माझ्याच पेशाशी बेइमानी करेन. खाडाखोड करायला बसलेल्या माणसाला बरोबर ओळ बरोबर म्हणता आली पाहिजे. २०१३ मध्ये लिसा जॅक्सन कंपनीत आल्या. त्याआधी चार वर्षं त्या अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख होत्या, म्हणजे ज्यांना अहवाल सादर केले जातात त्या बाजूच्या. अहवालाची भाषा तेव्हापासून बदलली. विशेषणं तशीच राहिली, तक्ते वाढले.

त्या तक्त्यांतला मुख्य आकडा असा. २०१५ च्या मानाने कंपनीचं एकूण कार्बन उत्सर्जन, पुरवठादारांचं आणि वापरणाऱ्यांचं धरून, ६० टक्क्यांहून जास्त घटलं, असं २०२५ मध्ये आलेला अहवाल सांगतो. त्याच काळात कंपनीचं उत्पन्न ६५ टक्क्यांहून जास्त वाढलं. हे वाचलं तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली होती. धंदा वाढला की धूर वाढणारच, असं आपण इतकी वर्षं धरून चाललो होतो. २०२० च्या जुलैमध्ये त्यांनी जाहीर केलेलं उद्दिष्ट याहून पुढचं आहे: २०३० पर्यंत उत्सर्जन २०१५ च्या पातळीपासून ७५ टक्क्यांनी खाली आणायचं, आणि उरलेल्याची भरपाई हवेतून कार्बन शोषून करायची.

घट झाली कशी? मोठा वाटा पुरवठादारांच्या विजेचा. स्वतःची दुकानं, कचेऱ्या आणि डेटा सेंटर स्वच्छ विजेवर आणणं तुलनेने सोपं. ते २०१८ मध्येच झालं. चिप आणि पडदे बनवणारे कारखाने दुसऱ्यांचे. त्यांच्याकडून सौर आणि पवन विजेचे वायदे घेणं हे खरं काम, आणि ते गिऱ्हाईक दांडगं असेल तरच होतं. या बाबतीत दांडगाई कामी आली.

दुसरा वाटा धातूचा, आणि तिथे मी दरवेळी रेंगाळते. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात धातूपेक्षा वीजच जास्त असते, असं गमतीने म्हणता येईल. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू, दोघंही विशीतले, एकमेकांचा मागमूस नसताना एकाच पद्धतीवर पोचले. वितळलेल्या क्षारात या धातूचं ऑक्साइड, म्हणजे अ‍ॅल्युमिना विरघळवायचं आणि त्यातून जबर वीजप्रवाह सोडायचा. धातू तळाशी जमतो. सुटलेला ऑक्सिजन वरच्या, वीज आत नेणाऱ्या कार्बनच्या अ‍ॅनोडला जाऊन भिडतो, अ‍ॅनोड जळत झिजत जातो, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वीज कितीही स्वच्छ आणा, हा वायू निघणारच. तो रसायनातच लिहिलेला आहे. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ जगातलं अ‍ॅल्युमिनियम असंच बनत आलं.

मे २०१८ मध्ये अल्कोआ आणि रिओ टिंटो या दोन धातू कंपन्यांनी मिळून एलिसिस नावाची नवी कंपनी काढली. त्यांचा अ‍ॅनोड कार्बनचा नाही, झिजत नाही, आणि भट्टीतून बाहेर पडतो तो ऑक्सिजन. अल्कोआ म्हणजे त्या चार्ल्स हॉलने उभारलेल्या कंपनीचीच वारस, आणि या दोघांना एकत्र बसवण्यात अ‍ॅपलच्या लोकांचा हात होता. कॅनडा आणि क्युबेकच्या सरकारांनीही पैसे घातले. पुढच्या वर्षी तयार झालेली पहिली विक्रीयोग्य खेप अ‍ॅपलनेच घेतली. आजोबांनी लावलेला धूर नातवाने विझवायला घ्यावा, असं काहीसं. जगातल्या एकूण अ‍ॅल्युमिनियमपुढे हे अजून चिमूटभर आहे. पण फोन विकणाऱ्यांनी धातू गाळण्याच्या रसायनात हात घालावा, ही गोष्ट कुठल्या जाहिरातीत मावत नाही, आणि म्हणून मला जास्त खरी वाटते.

जुनं अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याच्या मानाने सुमारे ५ टक्के ऊर्जा लागते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मॅकबुक एअरचं कवच शंभर टक्के पुनर्चक्रित अ‍ॅल्युमिनियमचं झालं. हे कवच ठोकळ्यातून कोरून काढतात, आणि त्या कोरण्यात निघालेला चुरा पुन्हा कामी आणला. आपल्याच घरात सांडलेलं आपणच भरलं तर त्याला पुनर्चक्रण म्हणावं का, असा प्रश्न मी समासात लिहून ठेवला आहे. पण पूर्वी सांडत होतं, आता भरलं जातं, हा फरक आहेच.

आता मथळ्याकडे येते. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने काही घड्याळं 'कार्बन न्यूट्रल', म्हणजे हिशेबाअंती शून्य कार्बनची, म्हणून बाजारात आणली. त्यासाठी निसर्गमाता कंपनीच्या बैठकीला येऊन जाब विचारते अशी चित्रफीत काढली. ऑक्टेव्हिया स्पेन्सर यांनी निसर्गमाता झकास वठवली. मला मात्र त्या दोन शब्दांनी छळलं. घड्याळाचं उत्सर्जन तीन चतुर्थांशाहून जास्त कमी केलं होतं, आणि ते खरोखर कमी केलं होतं. पण उरलेले काही किलो? ते झाडांच्या नावावर टाकलेले. पॅराग्वेमध्ये निलगिरीची लागवड, तिने शोषलेला कार्बन आमच्या घड्याळाच्या जमेला.

ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने जर्मनीत हे शब्द जाहिरातीत वापरायला मनाई केली. खटला डॉइच उमवेल्टहिल्फे या पर्यावरण संस्थेचा होता. निकालातला मुद्दा मुद्रितशोधकाला शोभेल इतका साधा होता: त्या लागवडीच्या ७५ टक्के जमिनीचे भाडेकरार २०२९ च्या पुढे पक्के नाहीत. करार संपला, झाडं तोडली, तर हिशेबातला कार्बन कुठे गेला? तळटीपेत भाडेकरार, मथळ्यात शून्य. युरोपीय संघात सप्टेंबर २०२६ पासून, बाहेरच्या भरपाईच्या जोरावर वस्तूला असं शून्याचं लेबल लावण्यावर एकूणच बंदी येते.

तीन चतुर्थांशाहून जास्त घट, एवढंच छापलं असतं तर? बातमी तीच होती, खरी होती, मोठीही होती. पण ७५ हा आकडा डब्यावर शोभत नाही. शून्य शोभतं.

हे लिहीत असताना शेजारचा खण उघडाच आहे. त्यात चार फोन आहेत. एक बटणांचा, दोन पडदा तडकलेले, एक चांगला धडधाकट, फक्त सॉफ्टवेअर जुनं झालं म्हणून बँकेचं ॲप त्याला दारात उभं करत नाही. चार्जर किती आहेत ते मी मोजायचं टाळते. ऑक्टोबर २०२० मध्ये अ‍ॅपलने फोनच्या डब्यातून चार्जर काढला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. लहान डब्यांमुळे एका फळीवर ७० टक्के जास्त डबे मावतात, असं कंपनीने सांगितलं. ब्राझीलने मात्र चार्जरशिवाय विकता म्हणून दंड ठोकला. माझ्या खणाकडे बघून मी त्या भांडणात कंपनीच्या बाजूची होते. फक्त, चार्जर वेगळा विकून मिळणारा नफा त्या पर्यावरणाच्या पानावर कुठे दिसला नाही, तेवढीच खूण केली. आणि मुळात चार्जर एकमेकांना न लागण्याची कटकट संपवली ती युरोपच्या कायद्याने. २०२४ च्या डिसेंबरअखेर तिथे फोनला यूएसबी-सी सक्तीचं झालं. आयफोनने ते वर्षभर आधी घेतलं, बराच काळ कुरकुर केल्यावर.

माझे चार फोन कुठल्याच आकडेवारीत धड नाहीत. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच आहे. फोन लहान, खणात मावतो, म्हणून टाकवत नाही. मुलगी म्हणते, आई, हे संग्रहालय आहे का? मी म्हणते, खाण आहे. आणि तसं ते खोटं नाही. फोनमध्ये सोनं आहे, कोबाल्ट आहे, टंगस्टन आहे. अ‍ॅपलचा डेझी नावाचा यंत्रमानव तासाला २०० आयफोन सुटे करतो. गोंदावर थंडगार हवेचा झोत मारून बॅटरी काढतो, स्क्रू उडवतो, कॅमेरा वेगळा, स्पीकर वेगळा. एक लाख फोनांतून जेमतेम किलोभर सोनं हाती येतं. त्याची चित्रफीत मी चार-पाचदा बघितली आहे, दरवेळी समाधान वाटतं.

मग आकडेमोड करावीशी वाटते. एक डेझी वर्षाला १२ लाख फोन सोडवू शकते. दोन आहेत, एक टेक्सासमध्ये, एक नेदरलँड्समध्ये. म्हणजे २४ लाख. डेझी आली त्या २०१८ च्या आर्थिक वर्षात आयफोन विकले गेले २१ कोटी ७७ लाख. बाकीचं काम जुन्या फोनांची पुनर्विक्री आणि इतर पुनर्चक्रण कारखाने करतात, त्यामुळे ही तुलना थोडी अन्यायाची आहे, हे मान्य. पण पुढच्या वर्षापासून कंपनीने किती नग विकले हे सांगणंच बंद केलं, त्यामुळे न्यायाची तुलना करायलाही आता आकडा नाही.

आणि डेझीने कितीही सोडवले तरी मूळ हिशेब वेगळाच आहे. अशा फोनच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातले सुमारे ८० टक्के ते बनवतानाच होतं. म्हणजे डबा उघडण्याआधीच. आपण रोज चार्ज करतो त्याचा वाटा थोडा, शेवटी वितळवण्याचा त्याहून थोडा. समजा एकूण ६० किलो कार्बन, तर ४८ किलो फोन हातात येण्याआधीच खर्ची पडलेला. दोन वर्षांत फोन बदलला तर वर्षाला २४ किलो. सहा वर्षं वापरला तर ८. पुनर्चक्रित कोबाल्ट, स्वच्छ वीज, जहाजाने वाहतूक, हे सगळं मिळून ४८ चे ४० होतील, ३० होतील. पण भागाकारात खाली कुठला आकडा लिहायचा, दोन की सहा, ते ठरतं बॅटरीवर, सुट्या भागांवर, सॉफ्टवेअर किती वर्षं मिळतं यावर. आणि नवीन दिसला की हात शिवशिवतात त्यावर.

इथे मला त्या सपाट पडद्याची आठवण येते. शिसं गेलं, कारण ते जाण्यात धंद्याची अडचण नव्हती. हलका डबा, कमी धातू, कमी वीज, यांतही अडचण नाही. उलट पैसे वाचतात. जिथे पृथ्वीचं भलं आणि गल्ल्याचं भलं एका वाटेने जातं तिथे ही कंपनी इतरांपेक्षा वेगाने चालते, आणि त्याबद्दल तिला पैकीच्या पैकी. वाटा फुटतात ती जागा बॅटरीची.

डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबूल केलं, की बॅटरी म्हातारी झालेल्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरने मुद्दाम कमी केला जातो. कारण तसं खोटं नव्हतं. लिथियमची बॅटरी झिजली की ऐन गरजेला लागणारा वीजप्रवाह पुरवू शकत नाही, आणि फोन अचानक बंद पडतो. ते टाळायला वेग आवरायचा. पाप होतं ते न सांगण्याचं. लोकांना वाटलं फोन संपला, आणि त्यांनी नवा घेतला. संपली होती ती नुसती बॅटरी. पुढे फ्रान्समध्ये यासाठी अडीच कोटी युरोंचा दंड झाला. तोवर ओरड शमवायला कंपनीने २०१८ सालापुरती बॅटरी बदलायची किंमत ७९ डॉलरवरून २९ वर आणली. लोकांनी रांगा लावल्या. बॅटरी बदलली, फोन पुन्हा पळायला लागला.

मग २ जानेवारी २०१९ ला कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं. तिमाहीचं उत्पन्न अंदाजापेक्षा कमी येणार होतं. मुख्य कारण चीनमधली मंदी. सोबत महागलेला डॉलर वगैरे. आणि त्याच यादीत एक कारण असं, की काही ग्राहकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. कंपनीच्या इतिहासातलं पर्यावरणाचं कदाचित सगळ्यांत मोठं काम त्या वर्षी झालं होतं. आधीच बनून गेलेले असंख्य फोन आणखी वर्ष-दोन वर्षं चालणार होते. त्यासाठी ना रोबो लागला, ना निलगिरी. आणि त्याची नोंद झाली ती गुंतवणूकदारांच्या पत्रात, नुकसानीच्या बाजूला. एप्रिलच्या हिरव्या अहवालात मी ती त्या वर्षी शोधली. मुद्रितशोधक म्हणून सांगते, मजकूर बरोबर होता. फक्त चुकीच्या पुस्तकात छापला होता.

त्यानंतर गोष्टी हलल्या नाहीत असं नाही. एप्रिल २०२२ पासून अमेरिकेत कंपनी सुटे भाग आणि हत्यारं सामान्य माणसालाही विकायला लागली. २०२४ च्या आयफोन १६ मध्ये बॅटरीचा गोंद असा वापरला, की त्याला थोडा वीजप्रवाह दिला की तो आपण होऊन सुटतो. गोंदालाही समजावता येतं तर. ओरेगॉनने त्याच वर्षी कायदा करून, बदललेला भाग फोनने 'ओळखीचा नाही' म्हणून नाकारण्याच्या प्रकाराला चाप लावला. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशीच बॅटरी हवी. ॲम्स्टरडॅमची फेअरफोन ही चिमुकली कंपनी तर २०१५ पासून स्क्रूड्रायव्हरने उघडणारा फोन विकते आहे. तिचा खप मोठ्यांच्या तुलनेत नगण्य. पण 'असं करताच येत नाही' म्हणणाऱ्यांची तिने पंचाईत केली.

राहता राहिला माझा फोन. तो या लेखातल्या कंपनीचा नाही, आणि ज्या कंपनीचा आहे तिचं नाव घेत नाही. पाचव्या वर्षी त्याची बॅटरी फुगली. मागचं झाकण फुगीर व्हायला लागलं तेव्हा आधी मला वाटलं, डोळ्यांचा दोष. अधिकृत सेवाकेंद्रात काउंटरवरच्या मुलाने फोन हातात घेऊन लगेच खाली ठेवला, तापलेलं भांडं ठेवावं तसा. मॅडम, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही. मागवली तर? बघावं लागेल, सांगता येत नाही. त्यापेक्षा हा देऊन टाका, नव्यावर सूट मिळेल, आणि याची आम्ही पर्यावरणपूरक विल्हेवाट लावू. शेवटचे शब्द त्याने पाठ केल्यासारखे म्हटले. बिचाऱ्याचा काय दोष. भिंतीवर हिरव्या पानाचं चित्र होतं.

मी फोन परत पिशवीत टाकला. मग दुसरीकडे, कुठलीही पाटी अधिकृत नसलेल्या ठिकाणी, एका माणसाने झाकण गरम करून, पातळ पत्ती सारत, पाव तासात फुगलेली बॅटरी बाहेर काढली. ती त्याने वाळूच्या डब्यात ठेवली आणि म्हणाला, हिला दाबू नका, ही रागावलेली असते. नवी बसवली. झाकणाला पुन्हा गोंद लावून, वर दोन क्लिपा लावून, अर्धा तास थांबायला सांगितलं. सोबत वाचायला काही नव्हतं, म्हणून मी नव्या बॅटरीच्या वेष्टनावरचा बारीक टाइप वाचला. दोन चुका होत्या.

फोन आता दिवसभर पुरतो. मागचं झाकण एका कोपऱ्यात केसभर उचललेलं राहिलं आहे. कुणाशी बोलत असले की माझा अंगठा आपोआप तिथे जातो आणि ते दाबत राहतो.